दुर्बीणबाईंचं निवडण

"ही तुझी पट्टी खोटं बोलते."

"पट्टी बोलत नाही, आई. रेघ दाखवते."

"मग खोटी रेघ दाखवते. माझ्या दुधात पाण्याचा थेंब सापडला तर मी नाव बदलून घेईन."

"पाण्याचं नाव कुणी काढलंय का? दूध घट्ट आहे, स्निग्धांश उत्तम आहे, सगळं छान आहे. फक्त घेता येणार नाही."

दूध संकलन केंद्राच्या खिडकीच्या आत सून, बाहेर सासू, मध्ये पत्र्याची फळी आणि फळीवर दुधाची किटली. सासूच्या मागे भली मोठी रांग. रोज सकाळी "आटपा, आटपा" करणारी ही रांग आज अगदी शहाण्यासारखी उभी होती. कुणाला घाई नव्हती. सायकलवाल्याने तर आपला कॅन खाली ठेवून त्यावर बैठकच मारली होती.

सुनेने पट्टी खिडकीशी धरून पुन्हा समजावलं. दोन रेघा उमटल्या तर दूध चांगलं, एकच उमटली तर दुधात बुरशीचं विष. हे परीक्षण नवीनच सुरू झालं होतं. सासूबाईंच्या हट्टापायी नवी पट्टी काढून लावून झाली, तरी रेघ आपली एकटीच.

"दोन रेघा म्हणजे चांगलं?" मागून सायकलवाला म्हणाला. "आमच्या हिच्या पट्टीवर दोन आल्या, तेव्हापासून माझी झोप उडालीय."

रांग हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फळीवर झुकून आवाज खाली आणला, म्हणजे रांगेच्या फक्त शेवटच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतपत. "अगं, सासू आहे मी तुझी."

"पट्टीला ते कळत नाही ना, आई."

आता शेवटचा माणूसही हसला. सुनेने मग सगळ्यांना विचारते तेच विचारलं, की गाय काय खाते. सासूबाईंनी सांगितलं, गवत, कोंडा आणि शेंगदाण्याच्या कारखान्यातलं निवडण, नेहमीचंच. निवडण बंद करा आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा दूध आणा, असं सांगून सुनेने किटली परत सरकवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? सासूबाईंनी झाकण असं काही दाबलं की ते पुढे दोन दिवस निघालं नाही.

या सासूबाईंना सगळी वस्ती दुर्बीणबाई म्हणायची. शेंगदाण्याच्या कारखान्यात निवडणीचं लांबलचक टेबल होतं, डोक्यावर ट्यूबलाइटची रांग, दोन्ही बाजूंना बायका, आणि टेबलाच्या तोंडाशी ह्या. नाव दिलं ते खुद्द मालकांनी. एकदा मालक टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहून, पेन्सिल चावायची सोडून, मूठभर दाणे तोंडात टाकणार, तेवढ्यात इकडून आवाज आला, "करंगळीजवळचा टाका." मालकांनी मूठ उघडली. करंगळीजवळचा दाणा एका कडेला हिरवट होता. मालक म्हणाले, "बाई आहे की दुर्बीण?" तेव्हापासून त्यांचं खरं नाव त्यांच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागे.

नवीन पोरगी कामाला आली की दुर्बीणबाई तिला शेजारी बसवून घेत. एकेक दाणा बघत बसलीस तर म्हातारी होशील, म्हणत. घोळका बघायचा. जत्थ्यात एखादा उगीच गप्प बसलेला दिसतो ना, तो उचलायचा. सुरकुतलेला, काळवंडलेला, साल फाटलेला, किड्याने टोचलेला. बुरशी जातीची आळशी, ती दार फोडत नाही, उघडं दार शोधते. साल फाटली की दार उघडलं. आणि एकदा आत शिरली की विष कालवून बसते. हजार दाणे निर्दोष असतात आणि एकात सगळ्यांचं पाप असतं. तो एक सुटला, तर तुझं दिवसभराचं काम पाण्यात.

हे सगळं त्या इतक्या रंगवून सांगत की पोरी त्या दिवशी घरी जाऊन तांदूळसुद्धा घाबरत निवडत.

पण टेबलावर त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, ते काही नुसत्या डोळ्यांसाठी नव्हे. ते निवडणासाठी. पूर्वी हे बाजूला काढलेले दाणे मागच्या भिंतीशी ढिगाने पडायचे. उंदीर त्यावर गलेलठ्ठ झाले होते, इतके की मांजरं त्यांना वाट देत. ढीग फार वाढला की मालकांना गाडी बोलवावी लागे, आणि गाडीवाला नखरे करी. दुर्बीणबाई तेव्हा तरुण होत्या. टेबलावरच्या सगळ्या बायका मागे घेऊन त्या मालकांच्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, उंदरांना देता ते आम्हाला द्या, आमच्याही घरी जनावरं आहेत. मालकांना सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. ते लगेच हो म्हणाले.

तेव्हापासून दर शनिवारी काम संपल्यावर दुर्बीणबाई पत्र्याचं माप घेऊन ढिगाशी उभ्या राहत आणि प्रत्येकीच्या पिशवीत सारखं माप घालत. वर एक चिमूटही नाही, खाली एक दाणाही नाही. त्या जोरावर कुणी शेळी घेतली, कुणी कोंबड्या, कुणी गाय. कोण कुठे काय बोलली हे लोक विसरतात, पण कुणामुळे आपल्या दारात जनावर आलं, हे विसरत नाहीत. टेबलावरच्या बायका त्यांना बाई म्हणत, आणि ते म्हणताना जरा उठून उभं राहिल्यासारखं बोलत.

तर अशा बाईंची किटली त्यांच्याच सुनेने, रांगेसमोर, परत केली होती.

घरात त्या संध्याकाळी मुलुखाची शांतता होती. मुलगा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेला, त्यामुळे मध्यस्थीचं ओझं एकट्या सासऱ्यांवर पडलं. सासरे आयुष्यभर शिंपीकाम केलेले. आता मशीन बंद होतं, पण समोर माणूस आला की डोळ्याने माप घ्यायची खोड गेली नव्हती. लेकी बोले सुने लागे ही जुनी रीत. या घरात लेक नसल्यामुळे ते काम त्यांच्याकडे होतं.

दुर्बीणबाई त्यांना म्हणाल्या, "अहो, तुमच्या सुनेला विचारा, नातीच्या पेल्यात हे पिशवीतलं दूध कशाला? घरची गाय काय आटली?"

सासऱ्यांनी मान वळवली. सून चुलीकडे बघत म्हणाली, "बाबा, आईंना सांगा, पट्टी नीट होईपर्यंत छोटीला घरचं दूध द्यायचं नाही."

"अहो, सांगा तिला, आपण दूध उकळून देतो. उकळीत काही उरत नाही."

"बाबा, उकळीत जंतू मरतात. हे जंतू नाहीत. बुरशीने कालवलेलं विष आहे, ते उकळीला भीक घालत नाही. गाय खाते, तिच्या अंगातून थोडं दुधात उतरतं. एका पेल्याने काही होत नाही. रोज रोज पोटात गेलं, तर लहान मुलाच्या यकृताला जड जातं."

सासऱ्यांनी दोघींकडे बघितलं आणि मधलं सगळं गाळून म्हणाले, "ती म्हणते, नको."

"मला बहिरी समजता का," दुर्बीणबाई म्हणाल्या. मग त्या थेट सुनेकडे वळल्या. इतका वेळ दाबून ठेवलेलं बाहेर आलं. बुरशी काय, विष काय, हे तू मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून मी हेच करतेय. तुला शास्त्राचं शिकायला पाठवायला कोण भांडलं होतं, तुझ्या आईबापाशी? मी. आणि कशाच्या जोरावर? या हातांच्या. माझ्या टेबलावरून वाईट दाणा पुढे जात नाही, हे सगळा कारखाना सांगेल. वाईट तेवढं मी काढून टाकते.

सून चुलीपुढून उठली. रागावली नव्हती, हे जास्त अवघड होतं.

"कुठे टाकता, आई?"

दुर्बीणबाईंचं बोट सवयीने गोठ्याकडे गेलं.

"हजारातला एक दाणा तुम्ही हेरता. तसे दिवसभर हेरता, आठवडाभर हेरता. सगळ्या कारखान्यातलं विष एका पिशवीत गोळा होतं आणि ती पिशवी एका गायीपुढे येते. तुम्ही आंधळ्या असतात ना, तर आपलं दूध बरं असतं. तुमचे डोळे जितके चांगले, तितकी पिशवी वाईट."

सासऱ्यांनी छोटीचा पेला उगीचच उचलून दुसरीकडे ठेवला. दुर्बीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते दुसऱ्याला म्हणायला सोपं असतं. त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. गायीच्या पुढ्यात घमेलं होतं, त्यात आजचं निवडण भिजत घातलेलं. त्यांनी घमेलं ओढलं. गायीनेही ओढलं. दोघी मानी. थोडा वेळ तशीच झटापट झाली, मग गायीने हार मानून अशा नजरेने पाहिलं की बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. छोटी तुझी पण नात आहे."

त्या दिवसापासून घमेल्यात फक्त गवत आणि कोंडा. दूध त्या स्वतः काढत आणि स्वतःच परसातल्या खड्ड्यात ओतत. सुनेला सांगितलं नाही. सुनेने पाहिलं आणि विचारलं नाही. घरात बोलणं पुन्हा सुरू झालं, पण आधी मिठाचं, मग साबणाचं, असं कडेकडेने.

पाच दिवस उलटले तशी दुर्बीणबाईंनी किटली घासून लख्ख केली आणि रांगेत उभ्या राहिल्या. मागून नाही, पुढून नाही, आपल्या नंबराने. रांगेने पुन्हा कान टवकारले. सुनेने दूध घेतलं, पट्टी लावली, दोघी पट्टीकडे बघत राहिल्या. एक रेघ उमटली. बाईंनी खिडकीची फळी घट्ट धरली. मग, फार सावकाश, तिच्या शेजारी दुसरी उमटली.

"पट्टी सुधारली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई. चांगल्या वळणाची निघाली," सून म्हणाली, आणि किटली आत घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर दुर्बीणबाईंना फार आवडलं असतं. पण खिडकी एकट्या त्यांच्यासाठी नव्हती. त्याच आठवड्यात टेबलावरच्या आणखी दोघी-तिघींचं दूध परत गेलं. सकाळी टेबलावर बसल्या बसल्या कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीला तोंड फोडलं ते चिमटीने. चिमटी म्हणजे दुर्बीणबाईंच्या खालोखाल हात असलेली निवडणारी. दाणे चिमटीत पकडायची आणि माणसंही. तिच्याकडे एक शेळी होती आणि त्या शेळीच्या दुधावर वाढणारी दोन नातवंडं.

"बाई, सुनेला सांगा, पट्टी जरा सैल लावायला," चिमटी म्हणाली. "घरचीच आहे म्हणून बोलतेय."

टेबल खिदळलं. दुर्बीणबाईंचे हात दाण्यांवर चालत राहिले, पण डोकं चालेना. स्वतःच्या गायीचं घमेलं ओढून घेणं सोपं होतं. आता शनिवार येणार, त्या माप घेऊन ढिगाशी उभ्या राहणार, आणि मग? आपली पिशवी रिकामी ठेवून बाकीच्यांना माप घालायचं? कुणाला काही न सांगता? ती गोष्ट मनात आणली तरी चिमटीची दोन्ही नातवंडं डोळ्यांपुढे यायची, दुधाच्या मिशा लावून. आणि सांगायचं म्हटलं, तर ज्या एका गोष्टीमुळे या बायका आपल्याला बाई म्हणतात, ती आपल्याच हाताने काढून घ्यायची. तो सगळा आठवडा त्या निवडत राहिल्या आणि ढीग वाढताना बघत राहिल्या. आपल्याच हातांचा ढीग. त्या आठवड्यात एक पोरगी म्हणाली, बाईंच्या हातून आज एक काळा दाणा सुटला. ते ऐकून चिमटीने तो दाणा मागवून घेतला आणि ट्यूबलाइटखाली दोनदा फिरवून पाहिला.

शनिवारी काम संपलं. बायका पिशव्या घेऊन मागच्या आवारात जमल्या. आवाराच्या भिंतीला पांढरा रंग द्यायचं काम चालू होतं. रंगारी घरी गेले होते, चुन्याच्या बादल्या भिंतीशी ठेवून. दुर्बीणबाई ढिगाशी उभ्या राहिल्या. माप हातात नव्हतं.

"निवडण बंद," त्या म्हणाल्या.

सगळ्या एकदम बोलू लागल्या. बाईंनी हात वर केला आणि सुनेने त्यांना सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, फक्त मध्ये सासरे नव्हते. गायीचं दूध परत कसं आलं, रेघ एकटी का राहिली, घमेलं काढल्यावर दुसरी कशी उमटली. कोंबड्या असतील तर त्यांनाही हे सोसत नाही, पिल्लांना तर मुळीच नाही. काही जणी ऐकत होत्या. काही ढिगाकडे बघत होत्या.

"हे तुम्हीच मिळवून दिलंत," चिमटी म्हणाली.

"मीच. म्हणून बंदही मीच करतेय. दुसऱ्या कुणाची टाप आहे का?"

"मग त्यातलं जरा बरं बरं निवडून घेऊ."

"माझ्या टेबलावरचं बरं ते या ढिगात येतच नाही, चिमटे. आलं असतं तर मी तुझा हात धरला असता."

हे खरं होतं, आणि ते सगळ्यात जास्त चिमटीला माहीत होतं. म्हणून तिने वाट बदलली. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, की मग आमच्या जनावरांनी काय खायचं, तुमचं भाषण?

याचं उत्तर दुर्बीणबाईंकडे तयार होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. त्या तिथूनच मालकांच्या खोलीकडे गेल्या, आणि बायका दारापर्यंत मागे. मालक पेन्सिल चावत बसले होते. बाईंनी मागणी मांडली. निवडण आता आम्हाला नको, ते कुठेतरी खड्ड्यात पुरा. त्याच्याऐवजी टेबलावरून पास झालेला तुकडा द्या, जो दोन फाका होऊन बाजूला पडतो तो. स्वच्छ असतो.

मालक वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. तुकडा विकला जातो, ते म्हणाले. गिऱ्हाईक ठरलेलं आहे. आणि निवडणाचं म्हणाल तर ते तुम्हीच मागितलं होतं, बाई, मी दिलं. आता नको असेल तर राहू द्या, नेणारे पुष्कळ आहेत. कालच एक जण विचारून गेला, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायला हवंय म्हणाला. सोमवारी येईल, सगळा ढीग उचलून नेईल, मलाही गाडी बोलवायला नको.

दुर्बीणबाईंनी मालकांच्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या नव्या पोरीने दाणा चुकवला की हलवत, आणि मागे फिरल्या. बायकांनी वाट करून दिली. आवारात येऊन त्यांनी भिंतीजवळची चुन्याची बादली उचलली. बादली जड होती, वाटेत दोनदा हिंदकळली, त्यांच्या चपलांवर पांढरे ओघळ आले. ढिगाशी येऊन त्यांनी ती पालथी केली. चुना दाण्यांत शिरत खाली गेला, वरचे दाणे पांढरे झाले. त्या दुसरी बादली आणायला वळल्या.

कुणी थांबवलं नाही. दुसरी बादली ओतताना चिमटी तोंड वाकडं करून बघत होती. तिची पिशवी अजून हातात होती. मग तिने पिशवीची घडी घातली.

"मागच्या कोपऱ्यात कोरडं राहिलंय," ती म्हणाली. "टाकायचाच आहे तर नीट टाका."

"तूच टाक मग. हात लांब आहेत तुझे."

चिमटीने तिसरी बादली उचलली. मग कुणीतरी काठी आणली आणि ढीग वरखाली केला. बघता बघता सगळ्या बायका कामाला लागल्या, सवयीने दोन्ही बाजूंना रांग करून, आणि कुणीतरी म्हणालं की आपण आयुष्यात पहिल्यांदाच दाणे न बघता हात चालवतोय. हसता हसता एकीच्या नाकाला चुना लागला, तो पाहून बाकीच्या आणखी हसल्या.

आवाज ऐकून मालक पेन्सिल हातात घेऊन धावत आले. ढिगाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, रिकाम्या बादल्यांकडे बघितलं.

"बाई, हे काय केलंत तुम्ही? आता हे कोण नेणार? आणि सोमवारी टेबलावर येणार आहात की नाही, का तुकडा दिल्याशिवाय बसणारच नाही? काहीतरी बोला."

दुर्बीणबाईंनी हात एप्रनला पुसले. एप्रन काढून खिळ्याला अडकवला, चष्म्यावरचा चुन्याचा शिंतोडा बोटाने काढला, "सोमवारी तुकडा मापून ठेवा, तर बसू," म्हणाल्या, आणि फाटकातून बाहेर चालू लागल्या.